तीर्थ (नदीचा उतार)

तीर्थ : नदी ओलांडता येईल अशी काठावरची जागा, पुढे विस्ताराने पवित्र जलस्थान. ‘तृ’ (तरणे, पार जाणे) या संस्कृत धातूपासून हा शब्द बनला. प्राचीन ग्रीकमधील ‘पोरोस’ हा त्याचा अर्थाने जवळचा शब्द. उतार, वाट आणि मार्ग काढण्याचे साधन असे त्याचे अर्थ असून बॉस्पोरस या सामुद्रधुनीच्या नावात तो आढळतो. जैन परंपरेतील ‘तीर्थंकर’ म्हणजे संसारातून पार होण्याचा उतार घडविणारा (पहा : जैन धर्म).

पात्र पसरट, पाणी उथळ आणि तळ खडकाळ किंवा वाळूचा असेल, तेथे उतार मिळतो. पावसाळ्यात तो बुडतो. पूल होण्यापूर्वी अशा वेळी नावेवाचून पर्याय नसे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील ठळक उदाहरण नेवासे तालुक्यातील प्रवरासंगम होय. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा येथे गोदावरीस मिळते. अलीकडे टोके, पलीकडे गंगापूर तालुक्यातील कायगाव. दोन्ही गावांचा उल्लेख ‘कायगाव-टोके’ असा जोडीनेच होतो. टोक्याचे सिद्धेश्वर मंदिर व नदीचे घाट यांमुळे पार जाण्याची जागा आणि स्नानाचे स्थान येथे एकत्र आली आहेत. शब्दाचे दोन्ही अर्थ इतक्या स्पष्टपणे दाखविणारी ठिकाणे थोडी. जायकवाडी धरणाच्या (१९७६) फुगवट्याने येथील पात्राचे मूळ रूप पालटले. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्ता आता पुलावरून जातो. (पहा : गोदावरी, नेवासे, पुणतांबे).