निरोप ठेवावा की जाऊन पाहावे?

वर्ग चालू असताना फाटकाशी कोणी पालक आले आहेत का, हे पाहायला शिक्षक दर पाच मिनिटांनी उठून जात नाहीत. ते शिपाईमामांकडे निरोप ठेवतात, ‘पाचवी अ मधल्या कोणाचे पालक आले, तर मला बोलवा.’ मग ते निश्चिंतपणे शिकवू लागतात. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा, म्हणजे कर्नेल, त्यातही हीच रीत आहे. आज्ञावलीचा एखादा भाग कर्नेलकडे नाव नोंदवतो : ‘जाळ्यातून अमुक प्रकारचे पाकीट आले, की मला हाक मार.’ अशा नोंदवलेल्या भागाला कॉलबॅक म्हणतात. ही सोय दिसते साधी. पण तिच्यातले धोके ओळखायला आणि आवरायला संगणकशास्त्राला बरीच वर्षे लागली.

सुरुवातीचे संगणक जाऊन पाहणारे होते. छपाईयंत्राला एक अक्षर दिले, की ते छापून होईपर्यंत संगणक ‘झाले का, झाले का’ असे विचारत बसे. १९५०च्या दशकात इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय, ही कल्पना आली. उपकरणच संकेत पाठवून आपले काम झाल्याचे कळवते. प्रोसेसर हातातले काम थांबवतो, ठरलेली आज्ञावली चालवतो आणि जिथे सोडले तिथून पुन्हा सुरू करतो.

१९५७च्या सुमारास नेदरलँड्‌समध्ये एक्स-१ या संगणकाची आखणी चालू होती. ब्राम लूप्स्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन यांनी त्यात इंटरप्ट असावा असे सुचवले, तेव्हा एड्‌सगर डायक्स्ट्रा हे तरुण सहकारी घाबरून गेले. हा निर्णय आपण तीन महिने लांबवला, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. त्यांच्या भीतीला कारण होते. इंटरप्ट कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये येऊ शकतो. त्यामुळे तेच काम पुन्हा केले, तरी यंत्र नेमके त्याच वाटेने जाईल अशी खात्री उरत नाही. जी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ती शोधायची कशी? अखेर ते राजी झाले आणि इंटरप्ट हाताळणारी आज्ञावली त्यांनीच लिहिली. त्यांचा १९५९चा पीएच.डी. प्रबंध याच कामातून आला.

पुढे संगणकांची जाळी आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने १९८३ मध्ये ४.२ बीएसडी ही प्रणाली दिली. तिच्या कर्नेलमध्ये एक तक्ता होता : कोणत्या प्रोटोकॉलचे पाकीट आले, तर कोणते फंक्शन बोलवायचे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्समध्ये अशी नोंद यंत्र चालू असतानाही करता येते. इथरनेटच्या पाकिटावर प्रकार सांगणारा एक आकडा असतो. आयपी प्रोटोकॉलसाठी तो २०४८ आहे. आयपीचे फंक्शन या आकड्याशी आपला पत्ता नोंदवते. तसे पाकीट आले, की कर्नेल त्या पत्त्यावर हाक मारते.

इथे एक जबाबदारी येते. समजा, निरोप ठेवणाऱ्या शिक्षकांची बदली झाली आणि शिपाईमामांना कोणी सांगितलेच नाही, तर ते रिकाम्या वर्गात हाका मारत राहतील. शाळेत एवढ्याने काही बिघडत नाही. पण कर्नेलने रिकाम्या झालेल्या पत्त्यावर हाक मारली, तर सगळे यंत्रच कोसळू शकते. म्हणून निघण्यापूर्वी नाव काढून घ्यावे लागते. एवढेच नव्हे, तर त्या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर चालू असलेली हाक संपेपर्यंत थांबावेही लागते. डायक्स्ट्रांची भीती इथे पुन्हा भेटते : हे पथ्य मोडले तर चूक रोज दिसत नाही, अवचित दिसते.

दुसरा धोका मोठा होता. प्रवेशाच्या दिवशी दोनशे पालक आले आणि प्रत्येकासाठी शिक्षकांना फाटकाशी बोलावले, तर काय होईल? दिवसभर नावे लिहिली जातील, पण अर्ज एकही भरून होणार नाही. १९९६ मध्ये जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी संगणकाची हीच अवस्था मोजून दाखवली. एका जाळ्यातून दुसऱ्यात पाकिटे पाठवणारा त्यांचा संगणक, पाकिटे तपासण्याची आज्ञावली चालू असताना, सेकंदाला सुमारे २००० पाकिटे पुढे पाठवू शके. आवक वाढून ६०००च्या आसपास गेली, की पुढे जाणारी पाकिटे शून्य! यंत्र बंद पडलेले नव्हते. उलट पूर्ण वेळ राबत होते. इंटरप्टला पहिला मान असल्यामुळे ते फक्त पाकिटे उतरवून घेत होते आणि पुढची रांग भरल्यामुळे तीच टाकून देत होते. म्हणजे नुसता पाकिटांचा मारा करून कोणीही असे यंत्र निकामी करू शकला असता.

उपाय त्यांनीच दाखवला, आणि २००१ मध्ये जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन व अलेक्से कुझनेत्सोव्ह यांनी तो लिनक्ससाठी मांडला. पहिले पाकीट इंटरप्ट देते. लगेच त्या जाळे-कार्डाचे इंटरप्ट बंद केले जातात. मग कर्नेल कार्डाच्या ड्रायव्हरने नोंदवलेल्या फंक्शनला सवडीने बोलावते आणि एका फेरीत ठरावीक संख्येपर्यंतच पाकिटे उचलते. सगळी संपली, की इंटरप्ट पुन्हा सुरू होतात. गर्दी फारच झाली, तर जादा पाकिटे कार्डावरच गळून पडतात. प्रोसेसरचे श्रम त्यांच्यावर खर्च होत नाहीत. शिक्षक जणू म्हणतात, ‘पहिले पालक आले की कळवा, बाकीच्यांना बाकावर बसवा, मी दर तासानंतर येऊन दहा-दहा अर्ज घेईन.’

म्हणजे चाळीस वर्षांनी संगणक पुन्हा ‘जाऊन पाहण्या’कडे वळला, पण दिवसभर नव्हे, फक्त गर्दीच्या वेळी. नाव नोंदवण्याची रीत तशीच राहिली, मात्र कधी बोलवायचे हे ठरवणे आता येणाऱ्याच्या हाती उरले नाही. हा फरक वर्गात सहज करून दाखवता येईल. एका विद्यार्थ्याला बेरजा करायला बसवा आणि इतरांनी त्याला एकेक चिठ्ठी हातात द्यावी. दुसऱ्या खेपेस चिठ्ठ्या टोपलीत टाकाव्यात आणि त्याने प्रत्येक बेरीज संपल्यावर तीन उचलाव्यात. दोन्ही वेळी किती बेरजा झाल्या, ते मुलांनाच मोजू द्यावे.