झिजलेल्या नाण्यांचे गणित

आपल्या रुपयावर साल छापलेले असते. प्राचीन भारतातल्या चांदीच्या आहत नाण्यांवर मात्र ना राजाचे नाव, ना साल. आहेत ते सूर्य, हत्ती असे नुसते ठसे. मग ती कालक्रमाने लावायची कशी? या प्रश्नासाठी तराजू हाती घेतला दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी.

कोसंबी (१९०७–१९६६) मूळचे गोव्याचे, हार्वर्डमध्ये शिकलेले गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना त्यांनी संख्याशास्त्र स्वतःच शिकून घेतले, तेही परीक्षांचे निकाल, नाण्यांची वजने अशा हाताशी असलेल्या आकड्यांवर.

एका टांकसाळीतली नवी नाणी जवळपास सारख्या वजनाची असतात. हातोहात फिरताना ती झिजतात. एखादे नाणे किती झिजेल ते सांगता येत नाही. पण पुष्कळ नाणी घेतली तर त्यांचे सरासरी वजन काळाबरोबर ठरावीक दराने उतरते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. कोसंबींनी चलनातली हजारो नाणी तोलून हे पडताळले. तक्षशिलेला १९२४ मध्ये हजाराहून अधिक आहत नाण्यांचा साठा सापडला होता. त्यात सिकंदराची करकरीत नाणीही असल्याने तो केव्हा पुरला गेला याचा अंदाज होता. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा असतात. खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी, असे कोसंबींना आढळले. म्हणजे व्यापारी ठरावीक काळाने नाणी पारखून या खुणा उमटवत असणार! निरर्थक वाटणारी खूण अशी दिनदर्शिका ठरली.

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी त्यांना बोलावले. संस्था तेव्हा मुंबईत पेडर रोडवरच्या बंगल्यात होती, पुढे अपोलो बंदरावरच्या जुन्या यॉट क्लबात गेली. कोसंबी पुण्याहून ‘डेक्कन क्वीन’ने ये-जा करीत. भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५६ मध्ये मुंबईच्याच पॉप्युलर बुक डेपोने काढला.

१९५९ मध्ये मात्र मूळ संख्यांशी निगडित असलेले रीमानचे गृहीतक संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध केल्याचा दावा त्यांनी कृषी-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात मांडला. गणितज्ञांनी तो मानला नाही. आम्हाला वाटते, नाणी हजारो हातांतून फिरतात म्हणून तिथे सरासरी बोलते. मूळ संख्या कोणाच्या हातून फिरत नाहीत. १९६२ मध्ये संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही.

फेब्रुवारी १९६६ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांचा लेख आला, तो पुन्हा नाण्यांवरच. जूनमध्ये ते पुण्यात वारले.