क्विक
‘जलद’ या अर्थाचा इंग्रजी शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘जिवंत’. संस्कृत ‘जीव’, लॅटिन ‘व्हीवुस’ आणि ‘क्विक’ एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले; उच्चारावरून हे नाते कोणाला सुचणार नाही. जिवंत ते चळवळे, चळवळे ते चपळ असा अर्थ सरकत गेला आणि सुमारे १३०० पासून वेगाचा अर्थ रुळला. तरीही १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये तो ‘जिवंत’ याच अर्थाने भेटतो. पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात, म्हणजे जिवंत चांदी. गर्भाची पहिली हालचाल जाणवणे म्हणजे ‘क्विकनिंग’. नखाखालचे हुळहुळे मांसही ‘क्विक’च. कळीच्या चुन्याच्या इंग्रजी नावातही तो आहे. पाणी पडताच चुना कसा उसळतो ते पाहिलेल्याला कारण सांगावे लागत नाही. मराठीतला ‘जिवंत झरा’ याच जातीचा.