जुन्या शिकारी रायफलीचे मोल

डिसेंबर १८५७ मध्ये पेठ संस्थानातील हरसूलचा बाजार लुटला गेला. त्या वर्षाच्या उठावांनंतर प्रजेच्या हातातील शस्त्र हा राज्यकर्त्यांच्या चिंतेचा विषय बनला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्र बाळगणे परवान्याच्या अधीन केले. पुढे शिकारी रायफलीचे मोल तिच्या पोलादाइतकेच तिच्या कागदावर ठरू लागले.

चापाभोवतीची तरफ खालीवर करून काडतूस भरावयाच्या विंचेस्टर रायफली या दृष्टीने बोधप्रद आहेत. १८७३ व १८९४ चे नमुने त्यांत विशेष प्रसिद्ध होत. अमेरिकेत त्यांचे मोल करताना अनुक्रमांकावरून निर्मितीवर्ष काढतात. नळीचे अंतरंग व मूळ झिलई तपासतात. नव्याने दिलेली झिलई तेथे किंमत उतरवते.

भारतात हे निकष पुरेसे ठरत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे शस्त्र हा तिचा उपयोग उरला नाही. एका परवानाधारकास १९८३ च्या दुरुस्तीने तीन, तर २०१९ च्या दुरुस्तीने दोनच अग्निशस्त्रांची मर्यादा घातली. १९५९ च्या कायद्यानुसार खाजगी मालकास विक्रीपूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. खरेदीदारही परवानाधारकच हवा.

सारांश, वारसाने प्रथम परवाना पाहावा, मग नळीचा व्यास निषिद्ध वर्गात मोडतो काय ते पाहावे, आणि अखेरीस अनुक्रमांक व झिलई. हा क्रम उलटविल्यास परदेशातील दुर्मिळतेचा आकडा हाती राहतो, ग्राहक मात्र मिळत नाही.