बंधुभावाचा हिशेब

पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत एखादा मजूर दगावला की खाणमालकाचे कर्तव्य बहुधा त्याचे प्रेत दारापर्यंत पोहोचविण्यापाशी संपत असे. ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. नुकसानभरपाईचा कायदा त्या राज्यात १९१५ साली झाला. तोपर्यंत विधवेने काय खावे, हा प्रश्न विधवेचाच होता. मजूर हंगेरीतून आलेला असला तर संकट अधिकच गडद होई. त्याची भाषा शेजाऱ्याला कळत नसे. बायकामुले पुष्कळदा महासागरापलीकडच्या खेड्यात असत. तो राहत असे ते घरही त्याचे नसे. एखाद्या देशबांधवाच्या बिऱ्हाडात आठ-दहा जणांनी मिळून राहायचे, दिवसपाळीचा उठला की त्याच खाटेवर रात्रपाळीच्याने अंग टाकायचे, आणि घरच्या बाईने सर्वांचे रांधायचे-धुवायचे, अशी ती रीत होती. दोन-चार वर्षे राबावे, पैसा गाठीला बांधावा, गावी परतून जमीन घ्यावी, एवढेच त्यांचे स्वप्न. त्या स्वप्नात आजारपणाला जागा नव्हती आणि मरणाला तर नव्हतीच.

अशा माणसांनी एकमेकांसाठी उभ्या केलेल्या एका संस्थेची कथा आम्ही येथे सांगणार आहोत. तिच्या गौरवापेक्षा तिच्या घरातील वादांकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचा आमचा मानस आहे. संस्थांच्या स्मरणिकांत वादांना सहसा जागा मिळत नाही. परंतु संस्था कशाच्या बळावर तगली, हे बहुधा त्या वादांवरूनच उमगते.

२१ फेब्रुवारी १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील हेझलटन या खाणगावात तेरा हंगेरियन खाणमजूर एकत्र आले आणि त्यांनी ‘व्हेरहोवाय साहाय्यक संघ’ स्थापन केला. ड्युला व्हेरहोवाय हा हंगेरीच्या संसदेतील स्वातंत्र्यवादी पक्षाचा गाजलेला वक्ता आणि पत्रकार. गरिबांचा कैवारी म्हणून परदेशी गेलेल्या मजुरांना त्याचे नाव प्रिय होते. त्याच्या वृत्तपत्राने यहुदी लोकांविरुद्ध विष पसरविले, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. माणसे नाव निवडतात तेव्हा त्या नावाचे सारे ओझे त्यांना ठाऊक असतेच असे नाही. दोन वर्षांनी, १८८८ साली, कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे आणखी एक संघ निघाला. हाब्सबुर्ग सत्तेविरुद्ध १७०३ ते १७११ या काळात लढा देणाऱ्या राजपुत्र फेरेन्त्स राकोत्सीचे नाव त्याने घेतले. हे दोन्ही संघ पंथभेद न मानणारे होते. आपापल्या पंथाच्या संस्थाही निघाल्या. रिफॉर्म्ड मंडळींनी १८९६ साली ट्रेंटन येथे आपला महासंघ स्थापिला. कॅथलिकांसाठी फादर कारोय ब्योम यांनी १८९२ साली क्लीव्हलंड येथे हंगेरीच्या संत एलिझाबेथच्या नावाने धर्मग्राम उभारला होता. अमेरिकेतील हंगेरियन रोमन कॅथलिकांचा हा पहिला धर्मग्राम. पुढे कॅथलिकांचेही साहाय्यक संघ झाले.

या संस्थांचा कारभार कसा चाले, हे जरा तपशिलाने पाहू. गावोगावी शाखा असे. शाखेचा अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार सभासदांतूनच निवडले जात. महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी, सभा भरे. तेथे वर्गणी गोळा होई आणि आजाऱ्यांची विचारपूस होई. आजारी सभासदाच्या भेटीला जाणारे ‘रुग्णभेटकर्ते’ नेमलेले असत. त्यांनी सांत्वन करावयाचे, आणि माणूस खरोखरच आजारी आहे ना, हेही पाहावयाचे! दया आणि दक्षता ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे सोपविलेली असत. सभासदांच्या छातीवर लावायचे फितीचे बिल्ले दुहेरी असत. एक बाजू रंगीत, ती उत्सवासाठी; दुसरी काळी, ती अंत्ययात्रेसाठी. बिल्ला उलटला की सण सरून सुतक सुरू होई. ज्याचे या देशात कोणी नव्हते, त्याच्या शवपेटीमागूनही काळ्या बाजूचे बिल्ले लावलेली माणसे रांगेने चालत. त्या मजुरांच्या लेखी ही गोष्ट पैशाहून थोडी नव्हती.

पहिला आणि सर्वांत कडवा वाद पैशाचाच उद्भवला. आरंभीच्या काळात बहुतेक बंधुसंस्थांची पद्धत सोपी होती. एखादा सभासद वारला की उरलेल्या प्रत्येकाने ठरावीक रक्कम, समजा एक डॉलर, द्यावयाचा. हजार सभासद असले तर विधवेच्या हाती हजार डॉलर पडावेत. वीस वर्षांचा तरुण आणि पन्नाशीचा प्रौढ, दोघेही एकच डॉलर देत. यात समता होती, बंधुभाव होता, आणि हिशेब समजायला शाळा शिकलेली असण्याची गरज नव्हती.

परंतु मृत्यू समता पाळीत नाही. अमेरिकेतील विमा कंपन्या त्या काळी वापरीत असलेल्या मृत्युकोष्टकाप्रमाणे तिशीतील हजार माणसांपैकी वर्षाला सुमारे ८ जण दगावत, तर साठीतील हजारांपैकी सुमारे २७. संघ तरुण असतो तोवर वर्षाला आठ डॉलर भरून भागते. तेच सभासद साठीला पोहोचले की प्रत्येकाला सत्तावीस भरावे लागतात, आणि तेही कमाई घटलेली असताना. अशा वेळी नवा तरुण विचार करतो की, या म्हाताऱ्यांच्या संघात मी कशाला शिरू? तो शेजारच्या नव्या संघात जातो. तरुण येईनासे झाले की उरलेल्यांवरील बोजा वाढतो. बोजा वाढला की आणखी काही गळतात. शेवटी ज्यांनी तीस वर्षे इतरांच्या विधवांसाठी डॉलर मोजले, त्यांच्याच विधवांच्या वाट्याला रिकामी पेटी येते. अशा रीतीने अमेरिकेतील कित्येक बंधुसंस्था बुडाल्या. त्यांत कोणी अफरातफर केली असेलच असे नाही. प्रामाणिक माणसांनीही केवळ बेरीज चुकवून आपल्या बांधवांना फसविले.

हंगेरियन मजुरांच्या बाबतीत मृत्यू वार्धक्याची वाटही पाहत नसे. १९ डिसेंबर १९०७ रोजी पेनसिल्व्हेनियातील जेकब्ज क्रीक येथील डार खाणीत स्फोट होऊन २३९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत हंगेरीतून आलेल्यांची संख्या फार मोठी होती. जुन्या पंचांगाप्रमाणे तो संत निकोलसचा सण होता. ग्रीक कॅथलिक मजुरांपैकी अनेक जण त्या दिवशी कामावर न जाता देवळात गेले होते, म्हणून वाचले. त्याच महिन्याच्या ६ तारखेला वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगा खाणीत ३६२ जणांचा बळी गेला होता. एकाच शाखेतील कित्येक घरे एका सकाळी निराधार होत असतील, तर शाखेच्या पेटीत साठलेल्या पैशाने काय होणार? जोखीम पुष्कळ शाखांत वाटली जावी आणि पाठीशी राखीव निधी असावा, हा धडा या स्फोटांनी शिकविला.

१९१० साली मोबिल या शहरात विमा-आयुक्त आणि बंधुसंस्थांचे प्रतिनिधी यांनी मिळून एका आदर्श कायद्याचा मसुदा तयार केला. त्यानंतर एकेका राज्याने या संस्थांना मृत्युकोष्टकानुसार वर्गणी आकारण्याची आणि राखीव निधी दाखविण्याची सक्ती केली. आता प्रवेशाच्या वेळचे वय पाहून दर ठरवावयाचा, आणि तरुणपणी जास्त घेतलेली रक्कम म्हातारपणासाठी बाजूस ठेवावयाची, असा नियम झाला. कागदावर हे उत्तम होते. पण जुन्या सभासदांचे काय? अशा संस्थांच्या अधिवेशनांत यावरून रणे माजत. वृद्ध म्हणत, “आम्ही तरुण होतो तेव्हा मेलेल्यांचे वय विचारले नाही; आज आमचे का विचारता?” तरुण म्हणत, “तुमच्या काळी साठविले नाही, त्याचा दंड आम्ही का भरावा?” विमागणितज्ञ आकडे मांडी. त्याचे कोणालाही आवडत नसे, आणि त्याला खोटेही पाडता येत नसे.

आमच्या मते या वादात दोन्ही पक्ष खरे होते, आणि तीच त्यातील वेदना होती. वृद्धांनी अधिक भरावे किंवा कमी लाभावर समाधान मानावे, याखेरीज वाट नव्हती. जेथे ही कडू गोळी गिळली गेली, तेथे संघ जगला. बंधुभाव म्हणजे हिशेब न ठेवणे, असे जेथे मानले गेले, तेथे शेवटी बंधूच नागवला गेला.

दुसरा वाद सत्तेचा होता. कायद्याच्या व्याख्येनुसार बंधुसंस्थेला भागधारक नसतात, नफा नसतो. शाखा असतात आणि सभासदांनी निवडलेल्या प्रतिनिधींचे राज्य असते. सर्वोच्च अधिकार दर काही वर्षांनी भरणाऱ्या प्रतिनिधी-अधिवेशनाचा. ज्यांना मायदेशी मताचा अधिकार नव्हता, असे शेतमजूर येथे ठराव मांडण्यास, उपसूचना देण्यास आणि अध्यक्षाला जाब विचारण्यास शिकले. परंतु राखीव निधी वाढला, तसे काम मुख्य कार्यालयाकडे जाऊ लागले. व्हेरहोवाय संघाचे मुख्य कार्यालय पुढे पिट्सबर्गला गेले. निधी कोठे गुंतवावा, कोणत्या आजाऱ्याचा दावा मान्य करावा, हे आता पगारी अधिकारी ठरवू लागले. शाखांना वाटे, पैसा आमचा आणि हुकूम त्यांचा. कार्यालयाला वाटे, शाखा ओळखीपाळखीने दावे मंजूर करतात आणि भुर्दंड सर्वांवर पडतो. याही वादात दोघांचे म्हणणे निराधार नव्हते. आपल्याकडील ज्या वाचकांनी पतपेढीच्या वार्षिक सभा पाहिल्या आहेत, त्यांना हे सूर अनोळखी वाटू नयेत.

तिसरा वाद भाषेचा आणि नावाचा. १९२० च्या ट्रियानोंच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश प्रदेश गेला. अनेकांचे जन्मगाव रातोरात परक्या देशात जाऊन पडले. परतण्याचे स्वप्न तेथेच विरले. १९२४ च्या अमेरिकन कायद्याने हंगेरीतून वर्षाला केवळ ४७३ जणांना प्रवेश ठेवला. संघाला नवे रक्त मिळायचे ते आता बोटीवरून नव्हे, पाळण्यातून. आणि पाळण्यातील मुले इंग्रजी बोलत होती. मुखपत्रात हंगेरियनबरोबर इंग्रजी मजकूर येऊ लागला. भाषा गेली तर संघ कशासाठी, असे जुने विचारीत. मुले गेली तर संघ कोणासाठी, असे नवे विचारीत. सभेबरोबर बोलिंगच्या स्पर्धा आल्या, सहली आल्या. त्यात १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, तेव्हा वार्धक्याची काठी सरकारने पुढे केली. ज्या भयापोटी संघ जन्माला आला, ते भयच ओसरू लागले.

१९५५ साली व्हेरहोवाय आणि राकोत्सी हे दोन जुने प्रतिस्पर्धी एकत्र आले. एकमेकांचे सभासद पळविण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी एका छत्राखाली यावे, हे सोपे नसते. आणि नवे नाव काय घ्यावे? एका बाजूचे घेतले तर दुसरी दुखावणार. त्यांनी दोन्ही हंगेरियन नावे बाजूस ठेवली आणि पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक, क्वेकर पंथीय विल्यम पेन याचे नाव धारण केले. विविध पंथांच्या परागंदांना ज्याने आपल्या वसाहतीत थारा दिला, त्याचे नाव परागंदांच्या संस्थेने घ्यावे, यात औचित्य होते. तरीही हंगेरियन नाव पुसले जाताना ज्यांनी जन्मभर त्या नावाचा बिल्ला वागविला होता, त्यांच्या मनाला काय वाटले असेल, याची कल्पना वाचक करू शकतील. पुढच्याच वर्षी, १९५६ च्या उठावानंतर, ३०,००० हून अधिक हंगेरियन निर्वासित अमेरिकेत आले. ते शहरी होते, शिकलेले होते. खाणमजुरांची सभा आणि तिचे विधी त्यांना जुनाट वाटले. भाषा एक असूनही दोन पिढ्यांचे दुःख वेगळे होते.

रिफॉर्म्ड मंडळींच्या महासंघाची अखेर वेगळी झाली. १९२१ साली पेनसिल्व्हेनियातील लिगोनियर येथे बेथलेन अनाथाश्रमाचे कार्य हाती घेणारा आणि वॉशिंग्टनच्या कोशुत भवनात कचेरी थाटणारा हा महासंघ २०११ साली, मुळात जर्मन वंशीयांनी काढलेल्या पिट्सबर्गच्या एका बंधुसंस्थेत विलीन झाला. सभासदांचे विमापत्र शाबूत राहिले. स्वतंत्र घर मात्र मिटले.

या साऱ्यातून आम्हांला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. हेझलटनच्या त्या तेरा जणांकडे दोन वस्तू होत्या, एक वही आणि एक बिल्ला. वहीवाचून बिल्ला हा केवळ देखावा ठरला असता; अंत्ययात्रा थाटाची झाली असती आणि दुसऱ्या दिवशी विधवेची चूल विझलेली राहिली असती. उलट, वही बिनचूक राहिली आणि बिल्ला कपाटात गेला, तर संस्था टिकते, रक्कम वेळेवर मिळते, पण शवपेटीमागून चालायला कोणी येत नाही. त्यांची सारी भांडणे या दोहोंचा मेळ घालण्यासाठी होती. कधी तो साधला, कधी साधला नाही.

ज्या समाजात संस्था आहेत, तेथे भांडणे असणारच. त्या भांडणांना भिऊन हिशेब झाकू नयेत, आणि हिशेबाच्या भरात आजाऱ्याच्या घरची पायवाट मोडू नये. परक्या भूमीत, अंधाऱ्या खाणीत राबणाऱ्या त्या अल्पशिक्षित मजुरांनी हे दोन्ही सांभाळण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या त्या प्रयत्नाला आमचे वंदन.