डॉ. गिरींद्रशेखर बोस आणि मनाची दुसरी बाजू

व्हिएन्नातील सिग्मंड फ्रॉइड यांच्या मेजावर विष्णूची एक हस्तिदंती मूर्ती असे. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त १९३१ साली ती कलकत्त्याच्या भारतीय मनोविश्लेषण संस्थेने धाडली होती. ही संस्था १९२२ मध्ये ज्यांच्या घरी स्थापन झाली, ते डॉ. गिरींद्रशेखर बोस आणि फ्रॉइड यांची प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही.

वेदान्ताची आवड असलेल्या पित्याच्या घरी बोस वाढले. १९१० साली ते वैद्यकाचे पदवीधर झाले. पुढे गीता व पुराणे यांवरही त्यांनी बंगालीत लिहिले. १९२१ मध्ये दमित इच्छांवरील आपला प्रबंध त्यांनी फ्रॉइडना पाठविला आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

बोस यांच्या मते प्रत्येक इच्छेच्या पोटी तिच्या उलट इच्छा दडलेली असते. म्हणून मारण्याची इच्छा बाळगणाऱ्याने कल्पनेने मार खाणाऱ्याच्या जागी उभे राहावे, म्हणजे मनातील गाठ सुटू लागते, अशी त्यांची उपचारपद्धती होती. फ्रॉइडप्रणीत खच्चीकरणाचे भय हिंदी रुग्णांत युरोपीयांइतके तीव्र आढळत नाही, असेही १९२९ मध्ये त्यांनी नम्रपणे, परंतु निःसंदिग्धपणे कळविले. ग्रंथ आणि रुग्ण यांत विसंवाद दिसला, तेव्हा त्यांनी रुग्णाची साक्ष ग्राह्य मानली.

१९४० साली त्यांच्या प्रयत्नाने कलकत्त्यात लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय अवघ्या तीन खाटांनिशी उघडले. १९५३ मध्ये बोस निवर्तले. गुरुस्थानी मानलेल्या पुरुषास मूर्ती अर्पण करावी, पण आपला अनुभव अर्पण करू नये, हाच त्यांच्या साधनेचा बोध होय.