कायमचा पत्ता

पोलीस पडताळणीच्या दाखल्याचा अर्ज भरताना ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी माझा हात अडला. लेक पोलंडात, व्रोत्स्वाफला नोकरीला आहे. ‘आई, आता पेन्शन बसली, एकटी काय करतेस तिथं? तू फक्त कागद गोळा कर,’ म्हणाली. हे ‘फक्त’ फार महागात पडतं. माझी जन्मतारीख १ जून, म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकून दिलेली. आमच्या पिढीत निम्म्या कोल्हापूरचा वाढदिवस त्याच दिवशी. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पेन्शनच्या कागदावर सासरचं, आणि या दोन बाया एकच आहेत हे सांगायला शपथपत्र. त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का. शिवाय दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला आहेच. मी राजारामपुरीत असले काय नि पोलंडात असले काय, जिवंत असल्याचं कोषागाराला कळवावंच लागणार.

पेन्शन दाखवून राहू देणारे देश आहेत. पोर्तुगाल आहे. पोलंडात तशी वेगळी खिडकी नाही. तिथल्या कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अज्ञान पोरं. म्हातारी आई त्यात सरळ बसत नाही. पाहुणी म्हणून गेलं तर १८० दिवसांत ९० दिवस. म्हणून लेकीचा बेत असा, की आधी लांब मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा काढायचा, मग तिथल्या कचेरीत तात्पुरत्या वास्तव्याचा अर्ज टाकायचा.

आण्णा असते तर पोट धरून हसले असते. माझ्या वडिलांनी ही वरात उलटी आलेली पाहिली होती.

१९४३ साली आण्णा दहा वर्षांचे. आजी अंड्यांची पाटी भरून द्यायची आणि ते कोल्हापूरजवळ वळिवड्याला असलेल्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात विकून यायचे. ‘जेन दोब्री’ म्हटलं की बाया हसून जास्त अंडी घेतात, एवढं पोलिश त्यांना धंद्यापुरतं पुरत असे. म्हातारपणीही सकाळी चहा देताना कधी कधी आम्हाला ‘जेन दोब्री’ म्हणायचे, आणि आई चिडायची.

ही माणसं स्वतःहून निघालेली नव्हती. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पूर्व पोलंडमधली घरंच्या घरं उचलून मालगाडीनं सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. जर्मनीनं रशियावर चाल केली तेव्हा वारं फिरलं. जुलै १९४१ मध्ये लंडनमधल्या पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला आणि ही माणसं सुटली. पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात भरती झाले. बायका, पोरं, म्हातारे १९४२ मध्ये कास्पियन ओलांडून इराणात आणि तिथून बोटीनं कराचीला आले. काही मुलांना नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवून घेतलं. सगळ्यात मोठी वस्ती झाली ती आमच्या वळिवड्यात, सुमारे ५,००० जणांची. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा शाळेचंही वय न झालेले शिवाजी महाराज होते, कारभार रीजंटच्या हाती.

लांबलचक बराकी, कुटुंबागणिक पाडलेले खण, पुढं व्हरांडा. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, पोरांचं स्काउट पथक, सगळं पोलिश. आण्णांना आश्चर्य वाटायचं ते फुलांचं. ‘चार दिवसांसाठी आलेली माणसं, आणि दारात फुलझाडं लावत्यात!’ हे ते निदान पन्नास वेळा बोलले असतील. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. चार दिवस म्हणता म्हणता पाच वर्षं झाली.

खरी गोम पुढं आहे. ५ जुलै १९४५ ला ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. आदल्या दिवशी ज्या सरकारच्या भरवशावर ही माणसं इथं होती, ते दुसऱ्या दिवशी सरकारच उरलं नाही. त्यातल्या अनेकांची गावं, ल्वूफ, विल्नो, त्या बाजूची सगळी, सोव्हिएत संघात गेली. घर जागेवर आणि देश सरकलेला. अशा बाईनं ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात काय लिहायचं? माझी दोन नावं जुळवायला एक शपथपत्र पुरलं, हे मला त्यापुढं चैनीचं वाटतं.

मग कुणाचं कोण कुठं आहे यावर सगळं ठरलं. ज्यांचा नवरा किंवा मुलगा ब्रिटिशांच्या हाताखाली लढलेल्या पोलिश फौजेत होता, त्यांना १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्यामुळं इंग्लंडचं दार उघडलं. काहींना आफ्रिकेतल्या छावण्यांत पाठवलं, काही पुढं ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडाला लागले, थोडे पोलंडला परतले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली लग्न करून इथंच राहिल्या. १९४८ मध्ये कॅम्प रिकामा झाला. जे कधीच गेले नाहीत, त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. वॉर्सात २०१७ साली या कॅम्पची पाटी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली, तेव्हा लेकीनं फोटो पाठवून विचारलं, ‘हे आण्णांचंच वळिवडे ना?’

बराकी फार दिवस मोकळ्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं त्यांत उतरली. तेच आजचं गांधीनगर, कापडाची घाऊक पेठ. लग्नाचा बस्ता बांधायला सगळा जिल्हा तिथं जातो.

गेल्या आठवड्यात मीही गेले, आतून घालायचे गरम कपडे बघायला. दुकानातल्या काकांनी विचारलं, ‘मनाली का?’ म्हटलं, ‘पोलंड.’ त्यांनी हातातली मीटरपट्टी खाली ठेवली. त्यांचे वडील बराकीत राहायला आले तेव्हा पोरगेलेसे होते म्हणे. मग त्यांनी वरच्या फळीवरचा जाड माल उतरवला आणि दर मात्र एक रुपया कमी केला नाही.